कोणाशी?

2009 च्या पावसाळ्यात मी इंग्रजीत उतरवलेलं एक पत्र परत आलं. पुण्यातल्या एका मुलीचं लग्न न्यू जर्सीतल्या मुलाशी ठरलं होतं. लग्न तिकडेच व्हायचं होतं, आणि व्हिसाच्या कागदांबरोबर तिने आपला लग्नाचा इरादा लेखी द्यायचा होता. तिने मराठीत लिहून आणलं होतं, 'आम्ही दोघंही लग्नाला तयार आहोत, आमच्यावर कोणाचाही दबाव नाही.' मी इंग्रजी केलं, 'वी आर बोथ रेडी टू मॅरी.' व्याकरणात चूक नव्हती. मुलाच्या वकिलाने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली, समासात दोन शब्द लिहिले आणि कागद स्कॅन करून पाठवला. 'मॅरी हूम?'

मला आधी रागच आला. कोणाशी म्हणजे काय? ज्याच्याशी ठरलंय त्याच्याशी! पत्रावर मुलीचं नाव आहे, सोबत मुलाचं पत्र आहे, साखरपुड्याचे फोटो आहेत. पण संध्याकाळी शांतपणे पुन्हा वाचलं, तेव्हा लक्षात आलं की माझ्या वाक्यात ते कुठेच नव्हतं. दोन माणसं लग्नाला तयार आहेत, एवढंच ते वाक्य सांगत होतं. तयार तर वधूवर सूचक मंडळात नाव नोंदवलेला प्रत्येक जण असतो.

त्या वकिलाची हरकत नुसती भाषेची नव्हती. अमेरिकेच्या के-1 व्हिसासाठी तिथला नागरिक आय-129एफ नावाचा अर्ज करतो. वाग्दत्त वधू किंवा वर तिथे पोचल्यापासून 90 दिवसांच्या आत लग्न व्हावं लागतं, आणि ते अर्ज करणाऱ्या त्याच माणसाशी व्हावं लागतं. दुसऱ्या कोणाशी केलं तर त्या व्हिसावरून पुढे ग्रीन कार्डाचा रस्ता नाही. म्हणूनच दोघांकडूनही इराद्याचं वेगवेगळं पत्र घेतात. ज्या कागदाचा सगळा भार 'कोणाशी' या एका प्रश्नावर आहे, त्यात मी नेमकं तेवढंच गाळलं होतं. दुसऱ्या दिवशी वाक्य बदललं, 'वी इंटेंड टू मॅरी ईच अदर विदिन नाइंटी डेज ऑफ माय अरायव्हल.' ईच अदर. एकमेकांशी.

शिवाजीनगर कोर्टाच्या परिसरात मी भाषांतराचं काम करते, त्याला आता 22 वर्षं झाली. जन्मदाखले, फेरफार, वारसाचे दाखले, मृत्युपत्रं असं सगळंच येतं. पण सगळ्यात जास्त येतात ते लग्नाचे कागद. भारतात 14 जुलै 2005 पासून हेगचा अपोस्टिल करार लागू झाला आणि परदेशी जाणाऱ्या कागदांचा ओघ वाढला. कागद खरा असल्याचा अपोस्टिलचा शिक्का सरकार मारतं. वाक्य मात्र माझ्यासारख्या कोणीतरी लिहिलेलं असतं. दिल्लीत किंवा लंडनमध्ये कुणी अधिकारी तो कागद उघडतो तेव्हा नवराबायको तिथे नसतात. त्यांच्या वतीने वाक्यच बोलतं. म्हणून मला या दोन-चार शब्दांची इतकी काळजी वाटते.

आपल्याकडे येणाऱ्या इंग्रजी मसुद्यांतली सगळ्यात नित्याची चूक म्हणजे 'मॅरीड विथ'. ती कुठून येते हे मराठी माणसाला सांगायला नको. आपण 'तिच्याशी' लग्न करतो, तो 'शी' आपल्या जिभेवर इतका पक्का आहे की इंग्रजीत हात आपोआप 'विथ'कडे जातो. इंग्रजीत मात्र मॅरी हे क्रियापद मधे कोणाला घेत नाही. 'ही मॅरीड हर.' त्या वकिलानेही 'मॅरी हूम' असंच लिहिलं होतं, ना टू ना विथ. टू येतो तो स्थिती सांगताना, 'ही इज मॅरीड टू हर.' आणि 'मॅरीड विथ' लिहिलं की इंग्रजी वाचणारा पुढे मुलांची अपेक्षा करतो, कारण 'मॅरीड विथ टू चिल्ड्रन' म्हणजे विवाहित, आणि पदरी दोन मुलं. तिथे बायकोचं नाव आलं की वाचणारा अडखळतो. कागद नाकारला जातो असं नाही, पण लिहिणाऱ्यावरचा भरवसा थोडा उणा होतो. व्हिसाच्या कागदात तो भरवसाच मागायचा असतो.

त्याहून घातक चूक आहे 'मॅरीड बाय'. एका बाईंच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. त्यात पतीचं पूर्ण नाव देऊन लिहिलं होतं की मी अमुक तारखेला श्री. अमुक यांच्याकडून, 'बाय' वापरून, विवाहित झाले. मराठीतलं 'त्यांनी माझ्याशी लग्न केलं' हे वाक्य कोणीतरी शाळेत शिकवल्याप्रमाणे कर्मणी करून टाकलं होतं. इंग्रजीत त्याचा सरळ अर्थ होतो की त्या गृहस्थांनी हे लग्न लावलं, म्हणजे ते भटजी किंवा विवाह अधिकारी होते. मग नवरा कोण? सबंध प्रतिज्ञापत्रात दुसऱ्या पुरुषाचं नावच नव्हतं.

इथे मराठीची श्रीमंती आपल्याला आडवी येते. आपल्याकडे नवरानवरी लग्न करतात, भटजी लग्न लावतात, आईबाप लग्न करून देतात, आणि मुलीचं लग्न होतं. चार क्रिया, चार वेगळे कर्ते, आणि गोंधळाला जागा नाही. इंग्रजीत हे सगळं एकट्या मॅरीच्या अंगावर आहे. कोण काय करतंय ते फक्त शब्दांच्या जागेवरून आणि शब्दयोगी अव्ययावरून कळतं. मी नवीन मुलींना काम शिकवते तेव्हा सांगते, आधी मराठीत ठरवा की हे करणं आहे, लावणं आहे, करून देणं आहे की होणं आहे. ते ठरल्याशिवाय इंग्रजीला हात लावू नका.

आणि काही वेळा मराठी शब्दच फसवतो. मुलगी घरातून निघून गेल्यावर एका वडिलांनी पोलिसांकडे जबाब दिला होता. पुढे मुलीचा संसार सुखाचा झाला, जावई नोकरीसाठी परदेशात गेला, आणि जुन्या प्रकरणाचे कागद भाषांतर करून मागितले गेले. जबाबात ओळ होती, 'माझ्या मुलीने परस्पर लग्न केले.' आधी कोणीतरी केलेल्या भाषांतरात तिथे 'म्युच्युअली मॅरीड' असं होतं. शब्दकोश उघडला तर परस्पर म्हणजे म्युच्युअल हे बरोबरच आहे. पण मराठीत राहणाऱ्या माणसाला कळतं की 'परस्पर लग्न केले' म्हणजे घरच्यांना न सांगता, त्यांना वगळून केलं. 'परस्परांशी' म्हटलं असतं तर एकमेकांशी. एका प्रत्ययाने बापाचं दुःख पुसलं गेलं होतं. त्या माणसाने पोलीस ठाण्यात बसून जे सांगितलं, ते इंग्रजीत पोचलंच नव्हतं. मी लिहिलं, 'माय डॉटर गॉट मॅरीड विदाउट इन्फॉर्मिंग अस.' मुलीने मसुदा वाचला आणि म्हणाली, "ताई, बाबा अगदी असंच म्हणाले होते."

जुन्या लग्नपत्रिका हाही असाच विषय. सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्वनी कुमार या खटल्यात 2006 साली सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. त्याआधी गावाकडे नोंदणीची सवय फारशी नव्हती. मुलांनी म्हाताऱ्या आईबापांना कॅनडाला न्यायचं ठरवलं की लग्नाचा पुरावा म्हणून प्रतिज्ञापत्राला जोडायला ट्रंकेच्या तळातून पत्रिका निघते, हळदीचे डाग पडलेली, घडीवर फाटलेली. तिच्यात असतं, 'आमचे ज्येष्ठ चिरंजीव यांचा शरीरसंबंध अमुक यांच्या द्वितीय कन्येशी करण्याचे योजिले आहे.' आपल्या आजोबांच्या पिढीला या शब्दात काहीही वावगं वाटलं नाही, कारण त्याचा अर्थ विवाहसंबंध एवढाच होता. त्याचं शब्दशः इंग्रजी केलं तर त्या वृद्ध जोडप्याचा अपमान होईल. मी तिथे मॅरेज हाच शब्द वापरते. तो त्या शब्दाचा त्या काळचा खरा अर्थ आहे.

पण या वाक्याकडे मी नेहमी थोडा वेळ बघत बसते. यात योजणारा बाप आहे, योजलं गेलं ते मुलाचं लग्न, आणि मुलगी 'अमुक यांची कन्या' म्हणून शेवटी येते. नवरानवरी कुठेच कर्ते नाहीत. 'एकमेकांशी' हा शब्द या वाक्यात बसूच शकत नाही. सोयरीक दोन घरांची होती. परदेशातल्या अधिकाऱ्याला मात्र हवं असतं की या दोन माणसांनी स्वतःहून एकमेकांना स्वीकारलं. म्हणून पत्रिकेचं भाषांतर पत्रिकेसारखंच ठेवायचं, आणि सोबतच्या प्रतिज्ञापत्रात त्या दोघांच्या तोंडून लिहायचं, 'वी हॅव बीन मॅरीड टू ईच अदर सिन्स 1974.' आर मॅरीड सिन्स नव्हे, हॅव बीन. पत्रिकेतलं वाक्य सुधारायचा अधिकार मला नाही. प्रतिज्ञापत्रातलं वाक्य स्पष्ट करायची जबाबदारी मात्र आहे.

एक कागद मी कधी विसरणार नाही. सांगली जिल्ह्यातले एक काका आले होते. त्यांचे मेव्हणे इंग्लंडमध्ये, आणि त्यांच्याकडे महिनाभर जायचं होतं. आमंत्रणाबरोबर नातं स्पष्ट करणारं पत्र लागत होतं. काकांनी गावाकडून टाईप करून आणलं होतं आणि त्यावर सहीही करून टाकली होती. त्यांचं नातं साटंलोटं होतं. काकांची बहीण त्या मेव्हण्यांना दिलेली, आणि मेव्हण्यांची बहीण काकांना केलेली. मराठीत त्यांनी मला एका दमात सांगितलं, "ते माझे दाजीबी लागतात अन् मेव्हणंबी." पत्रात मात्र इंग्रजीत वाक्य होतं, 'वी बोथ मॅरीड अवर सिस्टर्स.' आम्ही दोघांनी आपल्या बहिणींशी लग्न केलं.

मी वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. काकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी विश्वासाने सही केलेल्या कागदावर त्यांच्याविषयी असं काही लिहिलं होतं की ते त्यांना मराठीत सांगायला माझी जीभ रेटेना. शेवटी एवढंच म्हटलं, "काका, यात एक शब्द राहिलाय, आपण नवीन करू." टाईप करणाऱ्याने बहुधा 'आपल्या' आणि 'एकमेकांच्या' यांत फरकच केला नाही. खरं तर या नात्यासाठी इंग्रजीत फार नेमकं वाक्य आहे, 'वी मॅरीड ईच अदर्स सिस्टर्स.' दाजी आणि मेव्हणा दोघांनाही इंग्रजीत ब्रदर-इन-लॉ हाच एक शब्द. तो दोनदा लिहून अधिकाऱ्याच्या डोक्यात काहीच उजेड पडला नसता. पण ईच अदर्स सिस्टर्स म्हटलं की साटंलोटं तीन शब्दांत उभं राहतं. साटंलोट्याच्या प्रथेविषयी माझं मत चांगलं नाही, त्यात एका घरातलं भांडण दोन संसार मोडतं हे मी याच टेबलावर पाहिलंय. तरी कागदावर नातं आहे तसंच गेलं पाहिजे.

या 'आपल्या'मुळे इतर ठिकाणीही घोटाळे होतात. मराठीत 'आपापल्या' आणि 'एकमेकांच्या' हे दोन शब्द आहेत आणि ते दोन वेगळ्या दिशा दाखवतात. 'दोघांनी आपापल्या आईवडिलांना सांगितलं' म्हणजे त्याने त्याच्या, तिने तिच्या. 'दोघांनी एकमेकांच्या आईवडिलांना भेटून सांगितलं' म्हणजे तो तिच्या घरी गेला, ती त्याच्या. इंग्रजीत घाईघाईने दोन्हीकडे देअर पेरेंट्स लिहिलं जातं. नातं खरं आहे का हे तपासणाऱ्याला मात्र हा फरक मोलाचा असतो. तो तिच्या आईला भेटला होता का, हा प्रश्न मुलाखतीत येऊ शकतो. मग आपापल्यासाठी देअर ओन पेरेंट्स, आणि दुसऱ्यासाठी ईच अदर्स पेरेंट्स लिहायचं. ईच अदर्स लिहिताना अपॉस्ट्रॉफीचं चिन्ह आर आणि एस यांच्या मधे, एसनंतर नाही. दोघांत ईच अदर आणि दोनापेक्षा जास्त असतील तर वन अनदर, असा एक नियम शाळेत पाठ करून घेतात. फाउलरने 1926 सालच्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशातच त्याला आधार नसल्याचं सांगून ठेवलंय. नवराबायकोच्या कागदात तसाही तिसरा माणूस नसतो, तेव्हा मी ईच अदरच लिहिते आणि पुढे जाते.

दुसरेपणाच्या लग्नांत फार जपावं लागतं. एका जोडप्याने परिचयपत्र लिहिलं होतं, 'आम्हा दोघांचाही घटस्फोट झाला आणि आम्ही पुन्हा लग्न केलं.' मी त्यांना विचारलं, एकमेकांपासून घटस्फोट घेऊन पुन्हा एकमेकांशीच? ती म्हणाली, "अहो, नाही! त्यांचं पहिलं लग्न वेगळं, माझं वेगळं." म्हणजे मराठी वाक्यही दोन्ही अर्थ देत होतं, आणि जवळच्या माणसांना खरं ठाऊक असल्याने ते कोणाला खटकलं नव्हतं. परक्या माणसाला ते ठाऊक नसतं. इंग्रजीत आम्ही दोन वाक्यं केली. पहिल्यात प्रत्येकाचं आधीचं लग्न आणि त्याचा हुकूमनामा, तारखांसह. दुसऱ्यात, त्यानंतर आम्ही एकमेकांशी लग्न केलं. लांबलं, पण दोघांच्याही गेलेल्या वर्षांना त्यात न्याय मिळाला.

हे सगळं लिहीत असताना मला वाटतं की 'एकमेकांशी' हा शब्द आपण फार गृहीत धरतो. प्राकृतातला तो एक्कमेक्क, एक आणि एक. इंग्रजीतही ईच आणि अदर हे दोन शब्दच आहेत, एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने पहिल्याला. एका वाक्यात लपलेली ती दोन वाक्यं असतात. हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते व्याकरणाच्या पुस्तकातून नाही, विवाह नोंदणी कार्यालयात.

विशेष विवाह कायदा 1954 चा. त्यात नोटीस द्यायची, 30 दिवस थांबायचं, मग विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर लग्न. विधी कोणताही चालतो. पण कलम 12 म्हणतं की दोघांपैकी प्रत्येकाने दुसऱ्याला उद्देशून, मी तुझा कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो किंवा करते, असं म्हटल्याशिवाय ते लग्न पुरं होत नाही आणि बंधनकारकही ठरत नाही. दोघांनी मिळून एकदा म्हणून चालत नाही. 'आम्ही' चालत नाही. याने तिला म्हणायचं, तिने याला म्हणायचं. आणि कायदा पुढे सांगतो, त्या दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत.

गेल्या वर्षी माझ्याकडे काम करणाऱ्या मुलीने असंच लग्न केलं आणि मला साक्षीदार म्हणून नेलं. खोली लहान होती, पंखा आवाज करत होता, बाहेर पुढची जोडपी हार घेऊन उभी होती. अधिकाऱ्यांनी इंग्रजी मजकुराचा कागद पुढे केला. मुलाने वाचायला सुरुवात केली आणि 'तुला' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी 'दी'वर अडखळला. ही म्हणाली, "सर, मराठीत म्हटलं तर चालेल ना?" साहेब म्हणाले, "चालेल की, कायद्यात तसंच आहे." मग मुलगा तिच्याकडे वळला आणि तिचं पूर्ण नाव घेऊन म्हणाला की मी तुझा माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकार करतो. तिने त्याचं नाव घेतलं आणि तेच म्हटलं. दोन वाक्यं, समोरासमोर. मला 2009 ची ती पेन्सिलीची रेघ आठवली.

प्रमाणपत्र इंग्रजीत आलं. त्यात लिहिलं आहे की 'ईच ऑफ देम'ने माझ्यासमोर घोषणा केली आणि विवाह 'बिटवीन देम' पार पडला. खाली त्या दोघांच्या सह्या आहेत, आणि साक्षीदारांच्या रकान्यात तिसरी सही माझी आहे.